सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं म्हणून अब्रुनुकसानीची नोटीस आली, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदाने दुरुस्ती निधीवरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला: "कमिटीने दुरुस्तीचे १४ लाख खाल्ले. सेक्रेटरी चोर आहे. टेंडर न काढता मेहुण्याला काम दिलं. तीन महिने हिशेब मागतोय, देत नाहीत." संध्याकाळी तोच मजकूर फेसबुकवरही टाकला. आता सेक्रेटरींच्या वकिलाची नोटीस आली आहे. १५ दिवसांत बिनशर्त माफी मागा, नाहीतर ५० लाखांचा दावा आणि फौजदारी फिर्याद दाखल करू. हा गुन्हा होतो का, माफी मागावी का, आणि घटनेने दिलेलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य अशा वेळी कामाला येतं का, अशी विचारणा आहे.

५० लाखांचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. नोटिशीत कितीही रक्कम लिहिता येते. दावा लावताना मात्र मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, आणि तिथे बरेच आकडे खाली येतात. तुमचं प्रकरण ठरणार आहे ते त्या चार वाक्यांवर आणि ती लिहिली त्या दिवशी तुमच्या हातात कोणते कागद होते यावर. एक कोरा कागद घ्या आणि चारही वाक्यं सुटी करून लिहा. न्यायालय पुढे हेच करणार आहे, म्हणून तुम्ही आधी करा.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. "तीन महिने हिशेब मागतोय, देत नाहीत." हे निव्वळ घडलेल्या गोष्टीचं विधान आहे. तुमच्या अर्जांवर सोसायटीच्या कार्यालयाची पोच असेल, किंवा निदान ईमेल असतील, तर हे वाक्य भक्कम आहे. मागणी फक्त जिन्यात भेटल्यावर तोंडी केली असेल, तर सेक्रेटरी "मागितलाच नाही" म्हणतील आणि तुम्हाला साक्षीदार शोधत फिरावं लागेल.

"टेंडर न काढता मेहुण्याला काम दिलं" यात दोन विधानं आहेत. टेंडर निघालं की नाही हे कमिटीच्या आणि सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तावरून कळतं. ठेकेदार मेहुणा आहे का, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. दोन्ही खरी असतील तर तुमच्या मजकुरातलं सर्वात वजनदार वाक्य हेच आहे. पण ठेकेदार प्रत्यक्षात गाववाला किंवा जुना मित्र निघाला, तर अर्धं वाक्य कोसळतं आणि विरुद्ध बाजूचा वकील उलटतपासात तेवढंच धरून बसतो. एक गोष्ट न तपासता लिहिली, म्हणजे बाकीचंही तसंच लिहिलं असणार, असं तो न्यायाधीशांच्या मनावर बिंबवतो.

"१४ लाख खाल्ले" इथे खरी अडचण सुरू होते. तुम्हाला माहीत काय आहे? १४ लाख खर्च दाखवला आहे आणि त्याची बिलं, व्हाउचर दाखवलेली नाहीत. खाल्ले म्हणजे अपहार केला, म्हणजेच फौजदारी गुन्हा केला. हिशेब न देणं आणि पैसे खाणं यांमध्ये जे अंतर आहे, ते तुम्ही शब्दाने ओलांडलंत, पुराव्याने नाही. आणि "सेक्रेटरी चोर आहे" हे तर थेट माणसावर. ते माझं मत होतं, असा बचाव घेता येतो, पण मत ज्या वस्तुस्थितीवर उभं आहे ती सोबत मांडलेली आणि खरी असावी लागते. नुसतं चोर म्हणणं हे मत म्हणून टिकवणं फार अवघड जातं.

मजकुरात "म्हणे" घातलं, शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं किंवा "हे तर साधुसंतच" असं उपरोधाने लिहिलं म्हणून सुटका होत नाही. पर्यायी किंवा उपरोधिक भाषेतला आरोपही आरोपच धरला जाईल, असं अब्रुनुकसानीच्या कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटलं आहे. दुसऱ्याने लिहिलेलं पुढे पाठवलं तरी तुमच्यापुरतं ते नवं प्रकाशन ठरतं. सेक्रेटरींना एकट्यालाच पाठवलेल्या संदेशाने मात्र अब्रुनुकसानी होत नाही, कारण तिसऱ्या माणसाने तो वाचलेला नसतो. नाव लिहिलं नसलं तरी वाचणाऱ्यांना माणूस ओळखू येत असेल, तर तेवढं पुरतं. "कमिटीने खाल्ले" म्हटल्यावर ११ जणांची कमिटी असेल तर त्यातला प्रत्येक जण फिर्यादी होऊ शकतो. "सगळे कमिटीवाले असलेच" हे मोघम विधान सहसा कुणाला लागू पडत नाही.

आता कायदा. अब्रुनुकसानीचे आपल्याकडे दोन रस्ते आहेत, आणि फिर्यादी दोन्ही एकाच वेळी धरू शकतो. दिवाणी दावा नुकसानभरपाईसाठी आणि मनाई हुकमासाठी असतो. तिथे विधान खरं असल्याचं सिद्ध झालं की विषय संपतो. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. त्याआधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराला भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० लागतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेने त्यात समाजसेवेचा पर्याय घातला. फौजदारीत नुसतं सत्य पुरत नाही. पहिला अपवाद सांगतो की आरोप खरा हवा आणि तो प्रसिद्ध करणं लोकहिताचं हवं. हा फरक बहुतेकांना माहीत नसतो. "खरं आहे ना, मग घाबरायचं कशाला" म्हणून लोक स्वस्थ बसतात आणि लोकहिताचा मुद्दा, साक्षी, कागद, काहीच तयार ठेवत नाहीत.

कलमाला एकूण १० अपवाद आहेत. तुमच्या कामाचे प्रामुख्याने दोन. आठवा अपवाद: ज्याला त्या विषयात अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार. नववा: स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेला आरोप. सोसायटीचा निधी सभासदांचा आहे, त्यामुळे सभासदांपुढे प्रश्न मांडणं नवव्या अपवादात बसू शकतं. ग्रुपवरचा मजकूर आणि फेसबुकवरचा मजकूर यांत फरक पडतो तो इथेच. ग्रुपमध्ये फक्त सभासद असतील तर त्यांचं हित त्या हिशेबात गुंतलेलं आहे. फेसबुकवर तुमच्या शाळेतले मित्र, सेक्रेटरींच्या ऑफिसातले सहकारी, त्यांचे व्याही वाचतात. त्यांचा तुमच्या दुरुस्ती निधीशी काही संबंध नाही. शब्द तेच, पण ग्रुपवर जो बचाव मिळतो तो फेसबुकवर कमजोर पडतो. ग्रुपमध्ये भाडेकरू, एजंट आणि घर विकून गेलेले लोकही असतात, तेही तपासून बघा.

सद्भावना हा शब्द फसवा आहे. आपल्याला वाटतं, मनात आकस नव्हता म्हणजे सद्भावना. कायद्याची व्याख्या वेगळी आहे. संहितेच्या कलम २(११) प्रमाणे योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येत नाही. हेतू कितीही स्वच्छ असला, तरी लिहिण्याआधी तपासलं का, हे विचारलं जाणारच. याचं मराठी मुलखातलं सर्वात मोठं उदाहरण १८८२ चं आहे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'त आला. त्याला आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी फिर्याद केली आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांच्या हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती. त्यांनी माफीही मागितली. तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या वेळी दंड संहिता होती १८६० ची, आणि कलमाचा गाभा आजही तोच आहे. तुमच्याकडे कुणीतरी पाठवलेला बँक स्टेटमेंटचा फोटो असेल आणि तुम्ही त्याच्यावर विसंबून लिहिलं असेल, तर तो खरा आहे का हे आजच तपासा.

अपवादात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. पण फिर्यादी पक्षाला गुन्हा जितका निःसंशय सिद्ध करावा लागतो, तितकं ओझं त्याच्यावर नाही. आपली बाजू अधिक संभवनीय आहे इतकं दाखवलं तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगितलं आहे. म्हणून अपुऱ्या कागदांनीही हातपाय गाळू नका.

आता नोटीस हातात घ्या. ती कुणाच्या वतीने आहे, सेक्रेटरी व्यक्तिशः की सोसायटी? सोसायटीच्या पैशाने सेक्रेटरींची वैयक्तिक नोटीस गेली असेल, तर तो स्वतंत्र मुद्दा आहे. तुमचे नेमके शब्द अवतरणात दिले आहेत का? तारीख, वेळ, कोणत्या ग्रुपवर, हे आहे का? दाव्यात बदनामीचे नेमके शब्द मांडावे लागतात. "बदनामीकारक मजकूर टाकला" एवढ्याने भागत नाही. मग मुदत मोजा. दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात लावावा लागतो, फौजदारी फिर्याद तीन वर्षांत. अकराव्या महिन्यात आलेली नोटीस आणि दुसऱ्या आठवड्यात आलेली नोटीस यांचा अर्थ सारखा नसतो.

त्यानंतर मोबाईल. अनेक जण घाबरून "डिलीट फॉर एव्हरीवन" दाबतात. समोरच्याकडे स्क्रीनशॉट असतोच, त्यामुळे प्रकाशन पुसलं जात नाही. उलट तुमच्याच बाजूचा पुरावा जातो: आधीची चर्चा, सेक्रेटरींची उत्तरं, इतर सभासदांनी विचारलेले तेच प्रश्न. आधी ग्रुपचा पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, आपोआप पुसले जाणारे संदेश बंद करा आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा ठरलेला नमुना आहे: भाग अ नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय क्रमांक, लिहायची. जुन्या कायद्याखालीही असं प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला, तो जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातच. हे प्रमाणपत्र समोरच्यालाही लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर फिर्याद उभी असेल, तर तुमच्या वकिलाने पहिल्याच तारखेला हा मुद्दा लेखी घ्यावा.

नोटिशीला उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. तरीही द्या, मुदतीत द्या, वकिलामार्फत आणि नोंदणीसह स्पीड पोस्टाने द्या, कारण "उत्तर दिलं नाही म्हणजे मान्य केलं" असा युक्तिवाद पुढे होतो. उत्तरात काय चुकतं हे मात्र नीट लक्षात घ्या. रागाच्या भरात त्यात आणखी तीन आरोप घातले जातात. मग त्याची प्रत सगळ्या सभासदांना पाठवली जाते, म्हणजे बदनामीचं दुसरं प्रकाशन होतं आणि एक वर्षाची मुदत नव्याने सुरू होते. उत्तर दोन पानांचं असावं. कोणती वाक्यं कोणत्या कागदावर आधारलेली आहेत ते सांगावं, हिशेबाची मागणी पुन्हा करावी, बाकी आरोप नाकारावेत.

माफी मागावी का? सरसकट "हो" किंवा "नाही" म्हणणारा सल्ला घेऊ नका. नोटिशीसोबत जो तयार मसुदा येतो, त्यात बहुधा "मी द्वेषबुद्धीने खोटे आरोप केले" असं लिहिलेलं असतं. त्यावर सही म्हणजे कबुलीजबाब. उद्या दावा लागला तर तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखल होईल. त्याऐवजी जे वाक्य सिद्ध करता येत नाही तेवढं दुरुस्त करा, जिथे लिहिलं होतं तिथेच, स्वतःहून आणि लवकर. शब्द साधारण असे ठेवता येतील: "अमुक तारखेच्या माझ्या संदेशात मी निधी खाल्ल्याचं आणि सेक्रेटरींना उद्देशून चोर असं लिहिलं. हे शब्द मी मागे घेतो आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. दुरुस्ती खर्चाची बिलं आणि टेंडरची कागदपत्रं सभासदांना दाखवावीत, ही माझी मागणी कायम आहे." मागे घेतलं ते स्पष्टपणे घेतलं आणि जे टिकतं त्यावरचा हक्क सोडला नाही. "कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास" हा शब्दप्रयोग टाळा. त्याने समोरचा शांत होत नाही आणि न्यायालयही त्याला खेद मानत नाही. फेसबुकवरची पोस्ट प्रत काढून ठेवून हटवा, आणि दुरुस्ती तिथेही टाका.

उशिराचा खेद किती महाग पडतो याचं उदाहरण पुण्याचंच आहे. २००८ मध्ये 'टाइम्स नाऊ' वाहिनीने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या न्यायमूर्तींच्या जागी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला, जेमतेम १५ सेकंद. चूक नजरेस आल्यावर फोटो थांबवला, पण जाहीर खुलासा लांबला. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठरवली. अपिलाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी जमा करायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. एवढी रक्कम अपवादात्मक आहे, आणि माझ्या मते ती प्रमाणाबाहेर होती. पण दुरुस्तीचा दिवस मोजला जातो हे त्यातून नक्की कळतं.

फौजदारीची वाट कशी चालते ते आता क्रमाने सांगतो. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यात फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. "उद्या ठाण्यात या, मोबाईल घेऊन या" असा फोन आला तर लेखी नोटीस मागा आणि त्यात कोणतं कलम आहे ते बघा. बदनामीसोबत धमकीचं किंवा स्त्रीच्या विनयभंगाच्या शब्दांचं कलम जोडलेलं असेल तर चित्र बदलतं. मग लगेच वकील गाठा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ कुणी दाखवलं तर ते २०१५ मध्येच श्रेया सिंघल खटल्यात रद्द झालं आहे.

बदनामीची फिर्याद ज्याची बदनामी झाली त्यानेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने इथे एक महत्त्वाची सोय आणली. कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. त्यासाठी न्यायालयाची नोटीस येते. ती समन्ससारखी दिसत नाही, म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. कृपा करून तसं करू नका. फिर्याद वाचूनच दिसतंय की मजकूर आठव्या किंवा नवव्या अपवादात बसतो, नेमके शब्द दिलेले नाहीत, मुदत उलटली आहे, हे सांगायची सर्वात स्वस्त आणि सर्वात चांगली जागा तीच. तुम्ही त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असाल, तर प्रोसेस (आरोपीला हजर राहण्याचा न्यायालयाचा हुकूम) काढण्याआधी कलम २२५ प्रमाणे चौकशीही व्हावी लागते. गावाकडच्या न्यायालयात फिर्याद करून शहरातल्या माणसाला हेलपाटे घालायला लावणं हा जुना प्रकार आहे, त्याला हा अडसर आहे.

एकदा प्रोसेस इश्यू झाली की तोच न्यायाधीश ती मागे घेऊ शकत नाही. मग सत्र न्यायालयात पुनरीक्षण, त्याची मुदत ९० दिवस, किंवा उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली अर्ज. पहिल्या तारखेला हजर राहून जामीन घ्या. तो हक्काने मिळतो, जामीनदार आणि त्याची कागदपत्रं सोबत न्या. त्याच दिवशी प्रत्यक्ष हजेरीतून सूट मिळण्यासाठी कलम २२८ चा अर्ज द्या. प्रकरण कोणत्याही टप्प्यावर तडजोडीने मिटवता येतं. किती वर्षं चालेल याचा अंदाज हवा असेल तर एक खटला बघा: मेधा पाटकर यांच्याविरुद्धची वि. कु. सक्सेना यांची फिर्याद २००० सालच्या एका प्रसिद्धिपत्रकाबद्दल होती, दोषी ठरवणारा निकाल २०२४ मध्ये लागला आणि अपिलं २०२५ पर्यंत चालली. हे सांगतोय ते घाबरवायला नाही. तडजोडीचा योग्य प्रस्ताव आला तर तो मोडीत काढण्याआधी हा काळ डोळ्यांपुढे असावा.

दिवाणी बाजूला सगळ्यात घाईचा मुद्दा मनाई हुकमाचा. दाव्यासोबत निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज येतो: प्रतिवादीने वादीबद्दल यापुढे काहीही लिहू नये. तुम्हाला न ऐकताच असा तूर्तातूर्त हुकूम झाला तर निकालापर्यंत तोंड बंद, आणि कमिटीला हवं असतं ते मिळालेलं असतं. यावर उपाय कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा आगाऊ अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली, ज्या न्यायालयात दावा येण्याची शक्यता आहे तिथे आजच दाखल करा आणि प्रत सेक्रेटरींना नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. कॅव्हेट ९० दिवस चालतं. ते संपायच्या आधी नव्याने टाका, कारण पुष्कळ दावे ९१व्या दिवसानंतर येतात.

निशाणी ५ च्या युक्तिवादात ब्लूमबर्ग विरुद्ध झी हा सर्वोच्च न्यायालयाचा २२ मार्च २०२४ चा निकाल हाताशी ठेवा. प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान, हे तीन शब्द नुसते हुकमात उतरवून मनाई देता येणार नाही, कारणं द्यावी लागतील. खटला चालण्याआधी मजकूर रोखणं हा अपवाद असला पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ताकदवान पक्ष बोलणाऱ्याला गप्प करण्यासाठी दावे लावतात, याचीही दखल तिथे घेतली आहे. प्रतिवादीने "मी सिद्ध करीन" असं प्रतिज्ञापत्रावर ठामपणे सांगावं लागतं, नाहीतर या निकालाचा फायदा पूर्ण मिळत नाही. समन्स लागल्यावर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत, कारणं दाखवून ९० दिवसांपर्यंत. कैफियतीत प्रत्येक वाक्याला वेगळं उत्तर द्या.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल. अनुच्छेद १९(१)(अ) तुम्हाला बोलण्याचा हक्क देतो, आणि १९(२) मध्ये अब्रुनुकसानी हा शब्द निर्बंधांच्या यादीत नावानिशी लिहिलेला आहे. सुब्रमण्यम स्वामी खटल्यात १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कलमं वैध ठरवली आणि प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. म्हणून "घटनेने दिलेला हक्क आहे" हे एकच वाक्य उत्तरात लिहून भागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: दोन नागरिकांमधल्या अब्रूच्या भांडणात तुरुंगाला जागा नसावी. श्रीलंकेने फौजदारी अब्रुनुकसानी २००२ मध्येच काढून टाकली. भरपाई आणि जाहीर दुरुस्ती या दोन गोष्टींनी गेलेली अब्रू जितकी परत येते, तितकी कैदेने येत नाही. आणि कैदेच्या नुसत्या भीतीने हिशेब मागणारे शंभर जण गप्प होतात. पण कलम आज आहे, आणि सल्ला आजच्या कायद्यावरच द्यावा लागतो.

हक्काचा प्रत्यक्ष उपयोग अपवादांचा अर्थ लावताना होतो. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमानी यांची, अकबर यांच्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत, फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत निर्दोष मुक्तता झाली तेव्हा, स्त्रीने आपली तक्रार कोणत्या व्यासपीठावर आणि किती वर्षांनी मांडावी हा तिचा अधिकार आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आर. राजगोपाल खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सरकार किंवा स्थानिक संस्था स्वतःच्या बदनामीबद्दल भरपाईचा दावा लावू शकत नाही, आणि अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलेलं चुकीचं निघालं, तरी लिहिणाऱ्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नव्हती हे त्या अधिकाऱ्याला दाखवावं लागतं. खड्ड्यांबद्दल महानगरपालिकेवर टीका करताना ही ढाल आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बाबतीत ती थेट मिळत नाही, ते सरकारी अधिकारी नाहीत.

ग्रुपच्या ॲडमिनलाही नोटीस आली असेल तर त्यांना सांगा की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, समान हेतू किंवा आधी ठरवून केल्याचं दाखवावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा तसा निर्णय आहे.

राहिला मूळ हिशेब. तो या सगळ्या गडबडीत मागे पडतो आणि समोरच्याला तेच हवं असतं. या आठवड्यात सोसायटीला लेखी अर्ज द्या: दुरुस्ती खर्चाची बिलं, व्हाउचर, बँक स्टेटमेंट, टेंडरची कागदपत्रं आणि ज्या सभेत काम मंजूर झालं तिचं इतिवृत्त यांच्या प्रती हव्यात, प्रतीचं शुल्क भरायला तयार आहे. पोच घ्या, देत नसतील तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. प्रती मिळाल्या नाहीत, किंवा मिळाल्या आणि त्यात खोट दिसली, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खाली चौकशीची मागणी करा. ही तक्रार आठव्या अपवादात बसते, म्हणून तिथे तुम्ही फेसबुकवर लिहिलं त्यापेक्षा कितीतरी अधिक मोकळेपणाने लिहू शकता, फक्त "चोर" हा शब्द तिथेही नको. "अमुक बिलावर तारीख नाही, अमुक ठेकेदाराचा जीएसटी क्रमांक नाही, टेंडरचा ठराव इतिवृत्तात सापडत नाही" असं क्रमांक घालून लिहा. ग्रुपवर टाकायचंच असेल तर तक्रारीतला मजकूर टाकू नका. तक्रार दाखल केल्याची तारीख आणि आवक क्रमांक, एवढंच टाका.